किनाऱ्यावरची बाव गोडी कशी राखायची: नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत कायमचे राहायला आलो, तेव्हा पाण्याची काळजी आमच्या यादीतच नव्हती. घरामागे पणजोबांच्या वेळची चिऱ्यांनी बांधलेली बाव, म्हणजे विहीर, होती, समोर माडांची बाग होती आणि वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस होता. पहिल्याच एप्रिलमध्ये बावेचं पाणी खाली गेलं. मुंबईकराच्या डोक्यात येतो तोच विचार माझ्याही डोक्यात आला, की पाणी कमी पडतंय तर बाव आणखी खणू. शेजारच्या काकी गडग्यापलीकडून म्हणाल्या, "झिला, खाली खणू नको, खारा पाणी वर येतला." मी ऐकलं नाही. पाच फूट खणलं, तीन एचपीचा पंप बसवला आणि वीस दिवसांत खाऱ्या पाण्याने चहा फाटायला लागला.

ती चूक निस्तरायला मला तीन पावसाळे लागले. किनाऱ्यालगत घर घेणाऱ्यांना, वडिलोपार्जित घरात परतणाऱ्यांना किंवा होमस्टे काढू पाहणाऱ्यांना तेवढा वेळ लागू नये, म्हणून हे लिहितोय. उदाहरणं सिंधुदुर्गातली आहेत, पण रत्नागिरी, रायगड किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरही पाण्याची चाल हीच असते.

आधी हे गोळा करा

सामान फार लागत नाही:

- टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा), पेनाएवढा, काही शे रुपयांत मिळणारा
- मोजपट्टी किंवा दर फुटाला गाठ मारलेली दोरी, टोकाला वजन
- जाड पुठ्ठ्याची वही (मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तर सहा महिन्यांनी सापडत नाहीत, अनुभव आहे)
- भिंतीवरचं पंचांग, तिथी बघायला
- गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, एक दिवस उसनी

कागदपत्रं:

- सातबारा आणि आठ अ. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का आणि 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचा पाण्याचा हक्क लिहिला आहे का, हे आधी पाहा.
- बाव सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची यादी. कोकणात एका बावेवर तीस नावं असतात आणि त्यातली बावीस परळ-विरारला असतात. दुरुस्तीला हात लावण्याआधी निदान व्हॉट्सअपवर सगळ्यांचा होकार घेऊन ठेवा. भाऊबंद बावेच्या पाण्यावरून भांडत नाहीत, "आम्हाला विचारलं नाही" यावरून भांडतात.
- ग्रामपंचायतीच्या नळजोडणीची पावती, जोडणी असेल तर
- पाणी तपासणीचा जुना अहवाल कुणाकडे असेल तर त्याची प्रत

1. पहिल्या पंधरा दिवसांत फक्त बघा

पंप, टाकी, बोअर, कशालाच हात लावू नका. आपली बाव कशात खणली आहे ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पुळणीतली म्हणजे वाळूतली बाव समुद्राला सगळ्यात जवळची आणि उथळ असते. ती लगेच भरते, पाणी चवीला चांगलं असतं, पण जास्त ओढलं तर सगळ्यात आधी बिघडतेही तीच. जांभ्यातली बाव जुलैत काठोकाठ भरते आणि दिवाळीनंतर बघता बघता खाली जाते. जांभा स्पंजासारखा आहे, पाणी पितोही पटकन आणि सोडतोही पटकन. काळ्या कातळातल्या बावेत पाणी भेगांमधून येतं. भेग डोंगराकडची असेल तर पाणी गोडं, खाडीकडची असेल तर मचूळ, आणि कोणती भेग कुठे जाते हे वरून दिसत नाही.

वाडीतल्या दोन-तीन वयस्कर माणसांना एकच प्रश्न विचारा: कुठल्या साली, कुठल्या महिन्यात, कुणाची बाव खारट झाली होती? उत्तर कागदावर मांडलं की गावाचा नकाशाच तयार होतो. आमच्याकडे खाडीच्या अंगाच्या चार बावा मार्च संपता संपता मचूळ व्हायच्या आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, पायथ्याची एकही कधी बिघडली नव्हती. हे समजायला मला एक संध्याकाळ आणि दोन कप चहा लागला, पण तो मी पैसे घालवून झाल्यावर प्यायलो.

2. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, हे डोक्यात पक्कं करा

किनाऱ्यावर जमिनीखाली दोन पाणी असतात. वर पावसाचं गोडं आणि खाली समुद्राचं खारं. खारं पाणी जड, म्हणून गोडं त्याच्यावर तरंगत राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला घायबेन आणि हर्झबर्ग या दोन संशोधकांनी वेगवेगळं काम करून याचं गणित मांडलं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल, तर त्याच्याखाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं. पण हिशेब उलटाही चालतो. तुम्ही पातळी 1 फूट खाली आणून तशीच ठेवलीत, तर खाऱ्याची हद्द हळूहळू 40 फूट वर सरकू पाहते. आणि पंप जिथे ओढतो त्याच्या बरोबर खाली ती शंकूसारखी वर उचलली जाते.

मालवणच्या समुद्रात उभ्या असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आहेत. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी, याचं पर्यटकांना नवल वाटतं. बेटावर पडलेला पाऊस बेटाच्या पोटात साठतो आणि तेवढाच जपून उपसला तर टिकतो. तिथे तीन एचपीचा पंप कुणी लावला नाही, एवढाच काय तो चमत्कार.

म्हणून माझं म्हणणं असं: दुधावरची साय काढतो तसं हे पाणी वरून वरून काढायचं. पळी तळापर्यंत घातली की साय मोडते.

आपल्या बावेची पातळी समुद्रापेक्षा किती वर आहे, हे घरच्या घरी काढता येतं. गवंड्याच्या नळीने बावेच्या कठड्यापासून टप्प्याटप्प्याने किनाऱ्यापर्यंत उतार मोजत जा आणि भरतीची रेषा व ओहोटीची रेषा यांच्या मधोमध सरासरी समुद्रपातळी धरा. अर्धा दिवस जातो, दोन माणसं लागतात, पोरांना मजा येते. आमच्या बावेतलं पाणी मेअखेरीस समुद्रापेक्षा जेमतेम दीड फूट वर उरतं, हे त्या दिवशी कळलं. बाव पाच फूट खणून मी नेमकं कुठे पोचलो होतो, तेही.

3. वही सुरू करा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचंही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पंप लावायच्या आधी चार गोष्टी लिहायच्या: तारीख आणि तिथी, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर, वरच्या पाण्याचा टीडीएस, तळाच्या पाण्याचा टीडीएस.

कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि नेहमी तिथूनच मोजा. तळाचं पाणी काढायची युक्ती सोपी आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीला खाली दगड बांधायचा, तोंडाला सैल बूच लावून बुचाला वेगळी दोरी बांधायची. बाटली तळाजवळ गेली की बुचाची दोरी झटकायची. बुडबुडे थांबले की वर ओढायची. खारं पाणी जड असल्यामुळे बातमी आधी तळाला येते. वर 250 आणि तळाला 700 दिसलं, तर चवीला काही कळायच्या महिनाभर आधी तुम्हाला इशारा मिळालेला असतो.

माझ्या वहीतले तिसऱ्या वर्षाचे वरच्या पाण्याचे आकडे असे होते: सप्टेंबरअखेर 190, डिसेंबरात 230, फेब्रुवारीअखेर 310, एप्रिलच्या मध्यावर 540, मेच्या शेवटच्या आठवड्यात 720. पहिल्या वर्षी, खणल्यानंतर, मेमध्ये मीटर 2,300 दाखवत होता.

इथे लोक फसतात ते असं:

स्वस्तातले काही मीटर हजाराच्या वर गेले की आकडा दहाने भागून दाखवतात आणि कोपऱ्यात बारीक 'गुणिले दहा'ची खूण येते. ती दिसली नाही तर 1,800 चं पाणी तुम्ही 180 चं समजून पीत बसता. मीटर महिन्यातून एकदा तरी बाटलीबंद पाण्यात घालून पाहा. बाटलीवर छापलेल्या आकड्याच्या आसपास दाखवत नसेल तर तो बदला.

पुळणीतल्या बावेत भरतीबरोबर पाणी चढतं आणि ओहोटीबरोबर उतरतं. ते पाहून आमचा एक पाहुणा घाबरला होता, की समुद्र आत आला. तसं नसतं. समुद्राच्या दाबाने गोडं पाणीच वर ढकललं जातं. टीडीएस तेवढाच असेल तर काळजीचं कारण नाही. मात्र अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरांचा फरक पडतो, म्हणून पातळीची तुलना करताना तिथी बघायची. एका आठवड्याला भरतीला आणि पुढच्याला ओहोटीला मोजलंत तर वही खोटं बोलते.

4. नुसतं खारट आहे की आणखी काही, ते तपासा

टीडीएस मीटर पाण्यात किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात आणि उपविभागीयही आहेत. जवळची कुठली ते ग्रामपंचायतीतला जलसुरक्षक सांगेल. गावाच्या सार्वजनिक पाण्याचे नमुने तोच गोळा करतो. जलजीवन मिशनमधून गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे, तुमच्या गावात त्या कोण आहेत विचारा. आमच्या वाडीतली ती काकींची सूनच निघाली.

वर्षातून दोनदा तपासून घ्या, एकदा मेमध्ये आणि एकदा पावसाळा संपल्यावर. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायचा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणायची, विसळायची नाही आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

अहवालात बघायच्या गोष्टी भारतीय मानकाप्रमाणे अशा:

- टीडीएस: 500 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात
- क्लोराइड: 250 पर्यंत चांगलं, कमाल 1,000
- कठीणपणा: 200, कमाल 600
- नायट्रेट: 45, याच्या वर सूट नाही

समुद्राच्या पाण्यात टीडीएस 35,000 च्या आसपास असतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा क्लोराइडचा. म्हणजे गोड्या पाण्यात शेकडा दोन भाग जरी समुद्र मिसळला, तरी टीडीएस 700 ने वाढतो. तुमचा टीडीएस वाढलाय पण क्लोराइड कमीच आहे आणि कठीणपणा भरपूर आहे, तर दोष बहुधा शिंपल्यांच्या चुन्याचा असतो. तिथे समुद्राला बोल लावू नका. टीडीएस आणि क्लोराइड दोन्ही बरोबरीने चढत असतील तर खार आत येतोय.

नायट्रेट जास्त आलं तर शौचालयाच्या खड्ड्याकडे बघा. वाळूत आणि जांभ्यात मैला फार लांब जातो. खड्डा आणि बाव यांच्यात निदान 15 मीटर अंतर हवं आणि खड्डा बावेच्या वरच्या अंगाला नको. जुन्या घराला नवीन ॲटॅच्ड बाथरूम जोडताना गवंडी हमखास हीच चूक करतो, कारण मागची जागा रिकामी दिसते.

5. उपसायची पद्धत बदला

पंपाची ताकद कमी करा आणि चालवायचा वेळ वाढवा. माझा तीन एचपीचा पंप चाळीस मिनिटांत बाव तळाला आणायचा. आता अर्धा एचपीचा आहे, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास चालतो. पाणी पूर्वीएवढं मिळत नाही, पण बाव एका वेळी फूटभराहून खाली जात नाही. टाकी मोठी घ्या, पंप लहान घ्या. दुकानदार नेमकं याच्या उलट सांगतो.

फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप, तळाशी ठेवू नका. मी रिकाम्या पाच लिटरच्या कॅनला दोरी बांधून, लवचीक पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन फुटांवर तरंगत ठेवला आहे. पाणी खाली गेलं की तोही खाली जातो, ओढतो मात्र नेहमी वरचंच पाणी. शिवाय फ्लोट स्विच बसवा. ठरलेल्या पातळीखाली पाणी गेलं की पंप आपोआप बंद झाला पाहिजे. मेमध्ये पाहुणे आले की "आणखी पाचच मिनिटं" म्हणणारा माणूस घरात असतोच, आणि तो बहुतेक वेळा मीच असतो.

दिवसाला किती काढायचं? बावेत किती पाणी आहे ते आधी काढा. बावेचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा आणि 785 ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी असेल तर 14,130 लिटर. मग एका सकाळी फूटभर उपसा आणि पातळी पुन्हा खुणेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. जानेवारीत आमच्याकडे तीन तास लागतात, मेमध्ये अकरा. मेमधल्या भरण्याच्या वेगाने जेवढं येतं तेवढीच तुमची मेमधली कमाई, बाकी सगळं मुदलातलं.

बागेचा हिशेब वेगळा करा. ठिबकवर मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला 30 ते 40 लिटर पुरतात. आळं भरभरून पाटाने शिंपणाऱ्याच्या बागेत याच्या कितीतरी पट पाणी जातं. माड थोडा खार सहन करतो, पोफळ आणि केळ करत नाहीत. पोफळीच्या पानांची टोकं करपायला लागली तर मीटर काढायचीही गरज नाही.

6. बोअर मारायच्या आधी हे गणित करा

समजा तुमचं घर समुद्रापेक्षा 8 मीटर उंच आहे. ठेकेदार म्हणतो 200 फूट मारू, पाणी लागलंच पाहिजे. 200 फूट म्हणजे 61 मीटर. बोअरचं टोक समुद्रपातळीच्या 53 मीटर खाली गेलं. पाणी लागेल हो, पण कुठलं?

आमच्या गावात एका ठेकेदाराने एका मे महिन्यात पाच बोअर मारले. दोन कोरडे गेले, दोन पहिल्या दिवसापासून खारट निघाले, पाचवा दीड वर्ष गोडा चालला आणि मग तोही गेला. पैसे फुटावर ठरले होते, गोडव्यावर नव्हे. खारट निघालेला बोअर नुसता झाकून सोडला तर आणखी वाईट, कारण तो खालचं खारं पाणी वरच्या गोड्या थरात आणणारी नळी होतो. असा बोअर तळापासून वरपर्यंत सिमेंटने किंवा चिकणमातीने नीट भरून बंद करून घ्यायचा आणि ते काम ठेकेदाराशी आधीच कागदावर ठरवायचं.

कायद्याची बाजूही बघा. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 राज्यात 2014 पासून लागू आहे. त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरी वेगळ्या धरल्या आहेत. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर अटी आहेत. शिवाय किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपशाला बंदी आहे आणि सूट आहे ती स्थानिक वस्तीला, स्वतःच्या वापरापुरती. होमस्टे किंवा रिसॉर्ट काढणार असाल तर "शेजाऱ्याने मारला की" हा युक्तिवाद चालत नाही. ग्रामपंचायत, तहसील आणि भूजल यंत्रणेचं जिल्हा कार्यालय, तिन्हीकडे लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.

7. पाऊस अडवा, पण योग्य महिन्यात

छपराचं पाणी बावेत सोडा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. देशावर तो बरोबर आहे. आमच्याकडे जुलैत बाव काठोकाठ भरलेली असते, तिच्यात आणखी पाणी सोडून ते वहाळातूनच, म्हणजे ओढ्यातूनच, समुद्रात जातं. मी हौसेने गाळणी बांधून पाइप जोडला होता. ऑगस्टमध्ये पाणी कठड्यावरून ओसंडून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आलं.

कोकणात पाणी अडवायची वेळ पावसाळा संपताना येते. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात वहाळ अजून वाहत असतात आणि जमिनीत जागा होऊ लागलेली असते. तेव्हा बावेच्या वरच्या अंगाला, वहाळात, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालायचे. एका रविवारी वीस माणसं मिळून असा एक बंधारा सहज होतो. आमच्या वहाळावर आता तीन आहेत आणि वहाळ पूर्वी नाताळाला आटायचा तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकतो. बंधारा बावेपेक्षा खाली, खाडीच्या तोंडाजवळ घातलात तर गोडं पाणी साठवायला काही उपयोग नाही, फोटो मात्र चांगला येतो.

सड्यावरच्या जुन्या चिरेखाणी पाहून ठेवा. त्या आपोआप भरतात आणि जांभ्यातून महिनोन्‌महिने झिरपत राहतात. त्यांत कचरा टाकू देऊ नका. त्यातलं पाणी उन्हाळ्यात तुमच्याच बावेत येणार आहे.

खारभूमीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवून केलेल्या शेतजमिनीच्या, बांधाजवळ राहत असाल तर बांध आणि उघाडीची (बांधातून पाणी सोडायच्या वाटेची) दारं पावसाळ्यानंतर तपासली गेली का, याकडे लक्ष ठेवा. दार नीट बसत नसेल तर प्रत्येक उधाणाला खाडीचं पाणी मळ्यात शिरतं आणि तिथून बावेत पोचतं.

8. प्यायचं पाणी वेगळं साठवा

छपराच्या पाण्याचा खरा उपयोग इथे. पाच माणसांना पिण्या-रांधायला माणशी दिवसाला 10 लिटर धरले, तर एप्रिल-मेच्या साठ दिवसांना 3,000 लिटर लागतात. 5,000 लिटरची बंद टाकी पुरते. 100 चौरस मीटरच्या छपरावर एका चांगल्या पावसाच्या दिवशी एवढं पाणी पडून जातं, म्हणून घाई करू नका. जून-जुलैचं पाणी जाऊ द्या, कौलं धुऊन निघू द्या, गणपतीनंतरच्या सरींचं पाणी गाळून भरा. टाकीत उजेड आणि डास जाता कामा नयेत.

खारट पाणी उकळून गोडं होत नाही, उलट थोडं जास्तच खारट होतं. आरओ लावलात तर लक्षात ठेवा, अर्ध्याहून जास्त पाणी ते टाकून देतं आणि टाकलेलं पाणी आणखी खारट असतं. त्याचा पाइप बावेच्या कडेलाच सोडणारी घरं मी पाहिली आहेत.

9. वाडीशी बोला, आणि जानेवारीतच बोला

गोड्या पाण्याचा थर गडगे ओळखत नाही. तुम्ही अर्ध्या एचपीवर आलात आणि शेजारच्या रिसॉर्टने टँकर भरून विकायला सुरुवात केली, तर तुमची वही फक्त नुकसान मोजेल. आम्ही आठ घरांनी बसून तीन गोष्टी ठरवल्या. फेब्रुवारीनंतर बागेचं शिंपणं एक दिवसाआड. लागोपाठच्या दोन बावांवर एका वेळी पंप नाही. कुणाच्याही तळाच्या पाण्याचा टीडीएस 1,000 च्या वर गेला की त्या बावेला पंधरा दिवस विश्रांती, आणि तोवर त्या घराला बाकीच्यांनी पाणी द्यायचं. तिसरा नियम ठरवताना दोन तास वाद झाला. शेवटी काकी म्हणाल्या की पूर्वी असंच करायचे, तेव्हा मीटर नव्हता एवढंच.

ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर 1 मेची वाट पाहू नका, तोवर उशीर झालेला असतो. 2 ऑक्टोबरला बंधाऱ्यांचा आणि 26 जानेवारीला उपशाचा ठराव मांडा. टंचाई आराखडा ऑक्टोबरपासूनच तयार होतो. तुमच्या वाडीचं नाव त्यात नसेल तर मेमध्ये टँकर मागताना धावपळ होते.

10. बाव खारट झालीच तर

पहिली गोष्ट, जोरात उपसू नका. "सगळं पाणी काढून टाका, नवीन गोडं येईल" हा सल्ला गोड्या जमिनीवरचा आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो विहिरींत समुद्र शिरला. त्या साफ करायला पुन्हा पुन्हा उपसल्या गेल्या आणि बऱ्याच ठिकाणी त्याने खार आणखी वर आला. ज्यांना पावसावर सोडलं त्या सावकाश सुधारल्या.

वादळात लाट थेट बावेत आली असेल तर गाळ-कचरा काढा, वरचं पाणी एकदाच हलकेच काढा, आणि जंतूंसाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घाला. प्रमाण हजार लिटरला 5 ग्रॅम. पावडर बादलीत कालवून निवळी ओतायची, गाळ नाही. मग थांबा. लाट न येताच खार चढला असेल तर उपसा पूर्ण बंद करा आणि वही चालू ठेवा. जास्त खणलेला भाग परत भरून घ्यायचा असेल तर आधी बारीक वाळू, वर चिकणमाती, मग खडी. आम्ही आमचे पाच फूट असेच भरले, पाणी कमी असताना, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन गड्यांच्या तीन दिवसांच्या मजुरीत. खणायला याच्या दुप्पट पैसे गेले होते.

आणि रहाट काढून टाकू नका. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत वाडीतल्या ज्या दोन बावांवर लाकडी रहाट शाबूत होता, तिथे पहाटेपासून कळशांची रांग लागायची. आमचा रहाट मी आल्या आल्या जळणात टाकला होता. नवीन करून घ्यायला चार महिने लागले, कारण तो करणारा सुतार आता एकच उरलाय आणि त्याच्याकडे यादी मोठी आहे. लवकर नाव लावा.